ओव्हन लावला की घरची लाईट जाते : राजारामपुरीतल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरात राजारामपुरीतलं दुमजली घर, बांधून तीसेक वर्षं झालेली. खालचा मजला पाच-सहा वर्षांपूर्वी नव्यानं केला, म्हणजे ओटा, टाइल्स, वायरिंग सगळं नवीन, आणि बोर्डात एमसीबींच्या (लोड जास्त झाला की पडणारे खटके) शेजारी आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळला की लाईन तोडणारा खटका बसवला, ४० अँपिअर लोडचा आणि ३० मिलिअँपिअर गळतीला पडणारा. आपल्याकडं याला सगळे ईएलसीबीच म्हणतात, तर मीही खाली तसंच लिहितोय. वरचा मजला मात्र पैसे संपले म्हणून जुन्या वायरिंगवरच राहिला. तिथं अजून चिनीमातीचे किटकॅट फ्यूज आहेत, आणि त्या मजल्याची लाईन ईएलसीबीच्या आधीच फुटून वर जाते. ही गोष्ट डोक्यात ठेवा, पुढं लागणार आहे.

घरात आमच्या शेजारच्या वैनी, त्यांच्या सासूबाई, मिस्टर आणि इंजिनिअरिंगला असलेला पोरगा. वैनी घरून केक, कुकीज आणि दिवाळीत नानकटाईच्या ऑर्डर घेतात. ओव्हन म्हणजे ६० लिटरचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर), २००० वॅटचा, वर दोन रॉड, खाली दोन रॉड, मेकॅनिकल टायमर, फिरवायचा सिलेक्टर, १६ अँपिअरची जाड पिन. त्यात इलेक्ट्रॉनिक कार्ड-बिर्ड काही नाही, म्हणून तर रिपेअरला सोपा.

त्या वर्षी जूनच्या सुरुवातीला वैनी लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या त्या गणपतीनंतरच परत आल्या. ओव्हन पुसून, प्लास्टिकच्या कव्हरात गुंडाळून जिन्याखाली ठेवला होता, शेजारी जादाचा सिलिंडर, वर जुने पेपर. कोल्हापूरचा पाऊस काय असतो ते सांगायला नको. पंचगंगेचं पाणी या घरापर्यंत येत नाही, त्यामुळं पुरात बुडालेल्या फ्रीज-मिक्सरसारखी ही केस नव्हती, पण जिन्याखालची भिंत चार महिने ओलीच होती आणि प्लास्टिकचं कव्हर ओल बाहेर ठेवत नाही, आत कोंडून ठेवतं.

मी शेजारी राहतो, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. घरातल्यांना विचारूनच हे लिहितोय, नावं कुणाची घालत नाही.

नेमकं काय व्हायचं

दिवाळीला पंधरा-वीस दिवस राहिलेले, ऑर्डरी घेऊन झालेल्या, मैदा-तूप-साखर घरात येऊन पडलेलं. ओव्हन ओट्याच्या टोकाला मांडला, मागं बरण्या होत्या म्हणून भिंतीपासून चार बोटं पुढंच. सिलेक्टर वर-खाली दोन्हीवर ठेवून टायमर फिरवला आणि दोन-चार सेकंदात खालच्या मजल्याची सगळी लाईट गेली. खटका वर केला, परत लावलं, परत गेली.

पोरग्यानं एक काम चांगलं केलं, सिलेक्टर फिरवून बघितला. फक्त वरचे रॉड लावले तर ओव्हन नीट चालतो, खालचे लावले की ट्रिप. आणि तेही नेहमी सारखं नाही, कधी लगेच, कधी अर्ध्या मिनिटानं, फ्रीज आणि वॉशिंग मशीन चालू असलं की जास्त लवकर. ही माहिती लय मोलाची होती पण पहिल्या दिवशी तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही, कारण सगळ्यांचं डोकं "लोड जास्त होतोय" यात अडकलेलं.

लोड जास्त झाला असता तर एमसीबी पडला असता. एमसीबी बघतो किती करंट गेला, ईएलसीबी बघतो जेवढा गेला तेवढाच परत आला का. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत आला नाही, थोडा कुठंतरी जमिनीत पळाला, तर ईएलसीबी लाईन तोडतो. ३० मिलिअँपिअरच्या ईएलसीबीनं १५ च्या खाली पडायचं नसतं आणि ३० ला पडलंच पाहिजे, मधल्या पट्ट्यात कधीही पडू शकतो. फ्रीज, वॉशिंग मशीन यांचा स्वतःचा थोडाथोडा लीकेज असतो, तो ओव्हनच्या लीकेजमध्ये मिळतो, म्हणून कधी लगेच आणि कधी उशिरा. इथं पडत होता तो ईएलसीबी. म्हणजे प्रश्न वॅटचा नव्हताच, २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर, १६ च्या पॉवर प्लगला ते काहीच नाही.

पहिला सल्ला आणि वरच्या मजल्याचा बोर्ड

घरचे नेहमीचे वायरमन आण्णा आले. माणूस अनुभवी आहे, हाताला साफ आहे, त्यांना नावं ठेवायला हे लिहीत नाहीये. त्यांनी सिरीजचा बल्ब (टेस्टिंगला लाईनच्या मधे लावायचा साधा बल्ब) काढला, ओव्हनच्या पिनेची फेजची दांडी आणि ओव्हनची बॉडी यांच्यामधून लावला, बल्ब पेटला नाही. "वैनी, ओव्हन ओक्के हाय. ईएलसीबी वीक झालाय. नवीन टाकूया, न्हाईतर दिवाळीपुरता बायपास करून देतो."

सिरीज बल्बची टेस्ट खोटी नाही, पण ती शॉर्ट शोधायला आहे. १०० वॅटचा बल्ब पूर्ण पेटायला जवळजवळ ४३० मिलिअँपिअर घेतो, त्यातनं २५-३० मिलिअँपिअर गेले तर तार लालसुद्धा होत नाही. म्हणजे ईएलसीबी पाडायला पुरेसा लीकेज असूनही बल्ब गप्प बसणार. बल्ब पेटला नाही याचा अर्थ एवढाच की डायरेक्ट शॉर्ट नाही.

मग खात्री करायला ओव्हन वर नेला. वरच्या खोलीतल्या जुन्या बोर्डवर लावला तर मस्त चालला, खालचे-वरचे सगळे रॉड लालभडक, वीस मिनिटं झाली तरी काही नाही. घरात आनंदीआनंद. आण्णांचं म्हणणं सगळ्यांना पटलं, ओव्हन ठीक आणि ईएलसीबीच बाद. वैनींनी तर तिथंच दोन ट्रे लावायची तयारी केली.

तेवढ्यात सासूबाईंनी दार उघडायला हँडलच्या खालच्या पत्र्याला हात लावला आणि मागं ओढला. "चटका न्हवं गं, मुंग्या आल्यागत झालं."

माझ्या मते या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात धोक्याचा क्षण हाच, आणि सगळ्यात महत्त्वाचा निर्णयही इथलाच. कारण दोन अर्थ निघत होते. एक, "म्हाताऱ्या माणसाला काहीतरी वाटतं", आणि दिवाळी तोंडावर असताना हा अर्थ सोयीचा होता. दुसरा, वर ओव्हन चालतोय तो ठीक आहे म्हणून नाही, तर त्याला अडवणारं तिथं कुणी नाही म्हणून. वैनींनी दुसरा धरला, बटण बंद केलं, पिन उपसली आणि मला हाक मारली, "भावजी, जरा येऊन बघता का?"

मी वर गेलो तेव्हा पहिल्यांदा बोर्ड बघितला. तीन भोकांचा सॉकेट आहे, पण वरच्या मोठ्या भोकाला मागं वायरच नाही, तीस वर्षं ते भोक नुसतं दिसायला आहे. म्हणजे अर्थिंग नाही आणि ईएलसीबीही नाही. लीकेज तेवढाच होता जेवढा खाली होता, फक्त खाली तो अर्थच्या वायरनं जमिनीत जात होता आणि ईएलसीबीला कळत होता, वर तो ओव्हनच्या पत्र्यावर येऊन कुणाच्या तरी हाताची वाट बघत बसलेला. सासूबाई कोरड्या फरशीवर चपला घालून उभ्या होत्या म्हणून मुंग्यांवर भागलं. ओल्या फरशीवर अनवाणी, दुसरा हात नळाला, असं असतं तर त्या लीकेजमधून वीसेक मिलिअँपिअर अंगातून जाऊ शकले असते, आणि तेवढ्यात हात आखडतो, सोडवत नाही.

पर्याय काय होते

खाली बसून चहा घेताना सगळे पर्याय बोलून झाले, त्यात एक पुण्याच्या जावयांचा फोनवरचाही होता.

ईएलसीबी बायपास करायचा. लगेच होतं, फुकट होतं. पण मग अख्ख्या खालच्या मजल्याचं, गिझर आणि बाथरूम धरून, संरक्षण गेलं, ते पण एका ओव्हनसाठी. आण्णा म्हणाले दिवाळीपुरतं, पण घरातलं दिवाळीपुरतं काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

ओव्हनची अर्थ पिन काढायची. हा फोनवरचा सल्ला. याची गंमत म्हणजे हे केल्यावर ईएलसीबी खरंच पडत नाही, कारण लीकेजला जायला वाटच राहत नाही. मग कुणी हात लावला की वाट तयार होते, आणि तेव्हा ईएलसीबी पडतो, म्हणजे टेस्टिंगला माणूस वापरायचा. काम भागतं म्हणून हा उपाय गल्लोगल्ली चालतो.

ईएलसीबी बदलायचा. यात वाईट काही नाही, ईएलसीबी खराब होतातच. पण आधी तो खराब आहे हे दिसायला तरी पाहिजे.

नवीन ओव्हन घ्यायचा. मिस्टरांचं मत याच बाजूला. दहा-बारा हजाराचा विषय, आणि ऑर्डरीचा नफा सगळा त्यातच जाणार.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्यायचा. फोन केला तर रॉड मागवावे लागतील, आठ-दहा दिवस धरा, सणामुळं जास्तही लागतील असं उत्तर आलं.

आणि शेवटचा, ऑर्डरी गल्लीतल्या बेकरीच्या भट्टीत भाजून आणायच्या. दिवाळीच्या आधी आपल्याकडं बेकरीसमोर डबे आणि पत्र्याचे ट्रे घेऊन बायकांची लाईन लागतेच, नानकटाईचं पीठ घरून न्यायचं आणि किलोवर पैसे देऊन भाजून आणायचं. वैनींनी हा पर्याय लगेच घेऊन टाकला, अर्ध्या ऑर्डरी तिकडं वळवल्या. माझ्या दृष्टीनं हा सगळ्यात शहाणा निर्णय, कारण त्यामुळं ओव्हनवरची घाई गेली. घाई असती तर बायपास झालाच असता.

तपासणी

खाली आधी ओव्हन सोडून बाकीचं तपासलं. ईएलसीबीचं टेस्ट बटण दाबलं, पडला. हे बटण फक्त आतली यंत्रणा हलते एवढंच सांगतं, किती मिलिअँपिअरला पडतो ते सांगत नाही, पण अडकलेला नाही हे तरी कळलं. मग त्याच सॉकेटवर २००० वॅटची पाण्याची किटली लावून उकळी येईपर्यंत चालवली, काही नाही. सॉकेट, वायरिंग, ईएलसीबी तिघंही या परीक्षेत पास. सॉकेटवर मल्टिमीटरनं फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळजवळ सारखंच व्होल्टेज, न्यूट्रल-अर्थ दोन व्होल्टच्या आसपास, म्हणजे खालची अर्थिंग जिवंत आहे. आण्णाही थांबले होते, ते म्हणाले, "मग ओव्हनच म्हणायचा की."

ओव्हनची पिन काढलेली असतानाच मल्टिमीटर फेज आणि न्यूट्रलच्या दांड्यांवर लावला, दोन्ही रॉड चालू ठेवून २६-२७ ओहम. बरोबर आहे, २३० चा वर्ग भागिले २००० म्हणजे साडेसव्वीस. फक्त वरचे ५३, फक्त खालचे ५३. म्हणजे एकही रॉड तुटलेला नाही. फेज आणि बॉडीमध्ये मल्टिमीटर काहीतरी हलतं रीडिंग दाखवत होता, कधी किलोओहमात, कधी त्याच्या पुढं, स्थिर नाही. इथं पुष्कळ जण फसतात. मल्टिमीटर एक-दोन बॅटरीच्या व्होल्टेजवर मोजतो, आणि ओल धरलेलं इन्सुलेशन तेवढ्या व्होल्टेजला वेगळं वागतं आणि २३० ला वेगळं. त्यासाठी मेगर लागतो, जो ५०० व्होल्ट डीसी टाकून मोजतो. कामावरून मेगर मागून आणला.

मागचा पत्रा खोलला, रॉडच्या दोन्ही टोकांच्या वायरी सोडवल्या. दोन्ही टोकं सोडवणं महत्त्वाचं, नाहीतर न्यूट्रल कॉमन असल्यामुळं कुठला रॉड गळतोय ते कळत नाही. वरची जोडी : ५० मेगओहमच्या वर. खालची जोडी : काटा जवळजवळ शून्यावर, नीट बघितलं तर ०.०१ च्याही आत, म्हणजे आठ-नऊ हजार ओहम. २३० भागिले आठ हजार करून बघा, २८-२९ मिलिअँपिअर येतात. ईएलसीबी वीक नव्हता, चोख होता.

कारण काय, तर हा रॉड आतून असा असतो की मधे नायक्रोमची स्प्रिंगसारखी तार, बाहेर लोखंडी किंवा स्टीलची नळी, आणि मधल्या जागेत मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पावडर ठासून भरलेली. ही पावडर उष्णता सोडते पण वीज अडवते, म्हणून वापरतात. तिची एक खोड, ती हवेतली ओल ओढते. रॉडच्या टोकांना सील असतं पण रोजच्या तापण्या-गार होण्यानं ते कुठंतरी पिचतं. रोज वापरलेला ओव्हन स्वतःच स्वतःला वाळवत राहतो, चार महिने जिन्याखाली पडलेला ओव्हन ओल पीत राहतो. वरचे रॉड का वाचले? वैनी ग्रिल फार वापरत नाहीत, वरचे रॉड कमी वापरलेले, त्यांची सील शाबूत असावीत. हा अंदाज आहे, पण रीडिंग त्याला धरून आहे.

रॉड वाळवणं

आता निर्णय असा, रॉड बदलायचे का वाळवायचे. बाजारात लक्ष्मीपुरीत तशाच मापाचे रॉड मिळाले असते, पण वॅट आणि लांबी जुळून टोकाचं फिटिंग जुळेलच असं नाही. ओल हेच कारण असेल तर रॉड वाळवल्यावर त्याचं रीडिंग परत वर येतं, आणि ते आलं नाही तर मग बदलायचा. वाळवायला खर्च काही नाही, म्हणून आधी तेच.

रॉड बाहेर काढायची गरजच पडली नाही. खालच्या जोडीची दोन्ही टोकं सोडवलेली ठेवली, त्यांच्या वायरींना फायबरची स्लीव्ह घालून पत्र्यापासून लांब बांधल्या, आणि ओव्हन खालच्याच सॉकेटवर, अर्थ आणि ईएलसीबी दोन्ही शाबूत ठेवून, फक्त वरच्या रॉडवर चालवला. १२०-१३० डिग्रीवर दोनेक तास, दार बोटभर उघडं, वाफ बाहेर पडायला. मागं पत्रा उघडा असल्यामुळं सगळ्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढलं, पोरगा तेवढा दारात खुर्ची टाकून राखणीला बसला. वरच्या रॉडनं खालचे रॉड भाजून काढायचे, एवढीच आयडिया.

बंद करून, पिन काढून गरम असतानाच मेगर लावला तर रीडिंग अर्धा मेगओहमसुद्धा नाही. पोरगा निराश झाला. पण गरम इन्सुलेशनचं रीडिंग कमीच येतं, गार होऊ द्यावं लागतं. रात्री गार झाल्यावर सात, दुसऱ्या दिवशी आणखी एक फेरी दिल्यावर गार झाल्यावर वीसच्या पुढं. साधारण एक-दोन मेगओहमच्या खाली रॉड असेल तर मी तो जोडत नाही, वीस म्हणजे आनंद.

वायरी जोडल्या, पत्रा बसवला, सगळे रॉड लावून अर्धा तास चालवला, ईएलसीबी हलला नाही. नानकटाईचा पहिला घाणा निघाला, वेलदोड्याचा वास पार जिन्यापर्यंत.

दुसरा फेरा

इथं गोष्ट संपली असती तर मी लिहायलाही बसलो नसतो, असले ओले रॉड दर पावसाळ्यानंतर कुठं ना कुठं निघतातच.

दोन दिवसांनी सकाळी सहाला वैनींनी गिझरचं बटण दाबलं आणि खालच्या मजल्याची लाईट गेली. ओव्हन बंद. सॉकेटचं बटणही बंद. पिन तेवढी लावलेली. मिस्टर म्हणाले, "आता तर ओव्हनचा संबंध न्हाई, गिझर बघा." आण्णा आले, त्यांनी गिझरची पिन काढली, बाथरूममध्ये ओल आहे म्हणून सॉकेट खोलला, सगळं स्वच्छ. संशय परत ईएलसीबीवर.

इथं पोरग्यानं डोकं लावलं. त्यानं ओव्हनची पिनच उपसली आणि गिझर लावला, काही नाही. पिन लावली, बटण बंदच, गिझर लावला, ट्रिप. असं तीनदा केलं, तीनदा तेच. मग तो मला विचारायला लागला की बंद ओव्हन ट्रिप कसा मारंल.

मारतो, कारण सॉकेटचं बटण फक्त फेज तोडतं. न्यूट्रल पिनेतून थेट ओव्हनच्या आत गेलेलाच असतो, बटण चालू असो नाहीतर बंद. आत न्यूट्रलची वायर कुठं पत्र्याला टेकली असेल तर न्यूट्रल आणि अर्थ घराच्या आतच जोडले गेले. गिझर लागला की न्यूट्रलमध्ये दहा-बारा अँपिअर येतात, न्यूट्रलचं व्होल्टेज अर्थपेक्षा दोन-तीन व्होल्टनं वर जातं, आणि त्यातला थोडा करंट न्यूट्रल सोडून ओव्हनच्या पत्र्यातून अर्थनं जमिनीत जातो. थोडा म्हणजे शे-दोनशे मिलिअँपिअरही होऊ शकतो, ईएलसीबीला तीसच पुरतात. फ्रीजच्या छोट्या लोडवर हे होत नाही, गिझरवर होतं.

पण दोन दिवसांपूर्वी तर सगळं स्वच्छ होतं, मग आज का? ओव्हन टेबलावर घेऊन न्यूट्रल आणि अर्थच्या दांड्यांवर मल्टिमीटर बीपवर (दोन टोकं आत जोडलेली असली की वाजतो) ठेवला, गप्प. परत ओट्यावर नेऊन ठेवला, गप्प. वैनी म्हणाल्या, "न्हाई, मी त्याला मागं सरकवला होता, ट्रे मांडायला जागा नव्हती, बरण्या काढून टाकल्या." मागं सरकवून भिंतीला टेकवला आणि मल्टिमीटर बोंबलायला लागला. पुढं ओढला, गप्प. मागं दाबला, बीप.

मागचा पत्रा खोलून टॉर्च मारली. जिन्याखाली सिलिंडरचा दाब बसून पत्र्याला आत पोक आलं होतं, ते बाहेरून कव्हरात दिसत नव्हतं. आणि त्या पोकाच्या बरोबर समोर न्यूट्रलच्या वायरीचं इन्सुलेशन उंदरानं दोन ठिकाणी कुरतडलेलं, तांबं उघडं. ओव्हन भिंतीला टेकला की पोक आत जायचं आणि तांब्याला शिवायचं. पत्रा खोलून मोजलं की फॉल्ट पत्र्याबरोबरच बाहेर निघायचा, म्हणून आधीच्या मापात तो दिसायला मार्गच नव्हता.

दुरुस्ती पाऊण तासाची. कुरतडलेली वायर टेप मारून ठेवायची नाही, पूर्ण बदलायची. घरातली साधी पीव्हीसीची वायर इथं चालत नाही, ती ७० डिग्रीसाठी असते आणि ओव्हनच्या मागच्या कप्प्यात त्याहून जास्त होतं, काही महिन्यांत वितळून तोच प्रकार. फायबर ग्लासची उष्णतेची वायर घेतली, टोकाला लग (वायरीच्या टोकाचे धातूचे तुकडे) दाबून क्रिम्प केले. झाळणं नाही, कारण साधं झाळ १८३ डिग्रीच्या आसपास पातळ होतं आणि रॉडच्या टोकाशी तेवढी गरमी होऊ शकते. पत्र्याचं पोक हातोडीनं बाहेर काढलं. शेजारची फेजची वायर दिसायला बरी होती तरी तीही बदलली, उंदराचे दात एवढ्या जवळून गेलेत म्हटल्यावर.

काय वेगळं करता आलं असतं

मेगर पत्रा उघडा असताना तर लावायचाच, पण पत्रा बसवल्यावर परत, आणि ओव्हन त्याच्या नेहमीच्या जागी नेऊन ठेवल्यावर अजून एकदा. फॉल्ट कधीकधी वस्तूत नसतो, वस्तू आणि तिची जागा यांच्या मधे असतो. सॉकेटमधून काढलेल्या ओव्हनची पिन थोडी हलवत, पत्रा दाबत, दार आपटत न्यूट्रल-अर्थची बीप बघायला दोन मिनिटं लागतात, हे यादीत वर असायला पाहिजे.

वरच्या बोर्डवर नेऊन बघणं टाळता आलं असतं. दुसरीकडं चालतो का बघणं ही चांगली सवय आहे, पण ती दुसरी जागा पहिल्यापेक्षा सुरक्षित असली पाहिजे. अर्थ नसलेल्या सॉकेटवर संशयित ओव्हन लावायचाच नाही. शेजाऱ्यांकडं, जिथं ईएलसीबी आहे तिथं, लावला असता तर तोही पडला असता आणि पहिल्याच दिवशी कळलं असतं की दोष ओव्हनमध्ये आहे.

पोरग्यानं पहिल्या दिवशी सांगितलेलं की खालच्याच रॉडवर होतंय, ते ऐकायला पाहिजे होतं. घरातलं माणूस चार वेळा बटण फिरवून जे बघतं ते वायरमनच्या पंधरा मिनिटांच्या भेटीत दिसत नाही. वैनींनी मला हाक मारताना सासूबाईंच्या मुंग्या आधी सांगितल्या आणि ट्रिप नंतर, म्हणून मी सिरीज बल्बच्या नादाला न लागता थेट अर्थिंग बघायला गेलो.

ओव्हन ठेवतानाही फरक पडला असता. प्लास्टिकमध्ये गुंडाळण्याऐवजी जुन्या सुती चादरीत, जिन्याखाली न ठेवता माळ्यावर, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा कुणीतरी अर्धा तास चालवला असता तर रॉडनं ओल धरली नसती. ओव्हन भिंतीला टेकवायचाही नाही, हवा खेळायला मागं चार इंच तरी सोडायचे, हे पुस्तिकेत असतं पण पुस्तिका कोण वाचतंय.

आण्णांशी मी बोललो. ते म्हणाले, मेगर घेऊन फिरायला परवडत नाही, गिऱ्हाईक पन्नास रुपये जास्त द्यायला का-कू करतं. यात तथ्य आहे. मग निदान एवढं तरी, ईएलसीबी पडतोय म्हटल्यावर सिरीज बल्बवर विश्वास टाकायचा नाही आणि एकेक वस्तूची पिन पूर्ण काढून बघायची, बटण बंद करून नाही. ते त्यांना पटलं.

शेवटी काय झालं

दिवाळीच्या ऑर्डरी अर्ध्या बेकरीच्या भट्टीत आणि अर्ध्या घरच्या ओव्हनमध्ये झाल्या. भट्टीतली नानकटाई जास्त खुसखुशीत होते असं सासूबाईंचं मत पडलं, त्यावर वैनी काही बोलल्या नाहीत. खर्च म्हणाल तर फायबरची वायर, स्लीव्ह, लग मिळून दोनशेच्या आत, आण्णांची मजुरी वेगळी.

वरच्या मजल्यावर आण्णांनी अर्थची वायर खालून ओढून त्या एका सॉकेटला दिली, आणि ती लाईन ईएलसीबीच्या पुढं घेतली. घेतल्या घेतल्या ईएलसीबी पडायला लागला, कारण वरच्या बाथरूमच्या दिव्याचा जुना होल्डर गळत होता, तोही बदलला. वरचं पूर्ण वायरिंग उन्हाळ्यात करायचं ठरलंय, मिस्टर अजून कोटेशन बघतायत.

सर्व्हिस सेंटरकडून मागवलेले खालचे रॉड दिवाळीनंतर आले. ते बसवले नाहीत, कारण गुढीपाडव्याच्या आधी जुन्या रॉडचं रीडिंग परत घेतलं तर तीसच्या पुढं होतं. नवीन रॉड पिठाच्या डब्यांच्या वरच्या फळीवर आहेत, मे संपता संपता एकदा मेगर लावायचा आणि पाच मेगओहमच्या खाली आलं तर बसवून टाकायचे असं पोरग्यानं ओव्हनच्या बाजूला चिठ्ठी चिकटवून ठेवलंय. जिन्याखाली उंदराचं बीळ सापडलं, ते सिमेंटनं बुजवलं.